बिरादारबाईंचे तीन डबे

बातमी आली ती व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मरणावर मी विश्वास ठेवत नाही. निवृत्त शिक्षकांच्या आमच्या ग्रुपनं दोन वर्षांमागं भालकीकडच्या एका धडधाकट हेडमास्तरांना हार घालून मोकळं केलं होतं. पंधरा-वीस जणांनी हात जोडले, कुणी ‘ओम शांती’ लिहिलं, आणि दुपारी तो भला माणूस स्वतःच ग्रुपवर येऊन म्हणाला, ‘मी जेवायलोय.’ त्यामुळं ‘सुमित्रा बिरादार मॅडम यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ हे वाचल्यावर मी आधी फोटो मोठा करून बघितला, मग कुणी पाठवलंय ते बघितलं, आणि मग सरळ बाईंच्याच नंबरला फोन लावला. वाटलं, त्या उचलतील आणि म्हणतील, ‘बोला सर, कामून फोन केलाव?’ ... फोन उचलला त्यांच्या लेकीनं, सवितानं. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, ‘व्हय काका. सकाळीच. झोपेतच गेली.’ तरीही माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘नक्की?’ आई गेलेल्या पोरीला ‘नक्की का’ म्हणून विचारणारा माणूस मी. आमची ही शेजारीच बसली होती, तिनं कपाळावर हात मारून घेतला.

ही म्हणते, तुम्ही देवळातलं तीर्थसुद्धा वास घेऊन पिता. खोटं कशाला बोलू, तसंच आहे. पण हा स्वभाव मी नोकरीत नेला की नोकरीनं मला लावला, ते अजून कळलेलं नाही. मी हुमनाबाद तालुक्यात सीआरपी होतो. म्हणजे पंधरा-वीस शाळांच्या मागं मोटारसायकलवरून फिरायचं, वर्ग बघायचे, कागद गोळा करायचे आणि वरच्या ऑफिसात नेऊन द्यायचे. हायवेवरच्या लॉऱ्यांचा धूर खात शाळेत पोचावं तर पटावर चाळीस पोरं आणि वर्गात बावीस. बाकीची कुठं? तर ‘आत्ताच पाणी प्यायला गेलीत सर.’ अठरा पोरांना एकदमच तहान! अशा खात्यात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस सरळ माणसाकडंही तिरकाच बघतो. मी बघायचो, आणि त्याचा मला अभिमान होता. मला कुणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

बिरादारबाई मूळच्या उदगीरकडच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. घरात मराठी, दारात कानडी, बाजारात दखनी, आणि तिन्हींत भांडायची तयारी. आमची हीसुद्धा उदगीरकडचीच, त्यामुळं दोघींनी एकमेकींना बहीण मानलेलं आणि त्या नात्यानं मी बाईंचा दाजी. शाळेत मात्र ‘सर’. तिथं दाजीपणा चालायचा नाही, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ज्या गावात त्या मराठी शाळेवर होत्या, त्याचं नाव मी इथं घेत नाही. हुमनाबादपासून मोटारसायकलनं वीस मिनिटं, एवढं पुरे. चौदा वर्षं त्यांनी तिथं चौथीचा वर्ग सांभाळला. अंगानं जाड, गुडघे दुखणारे, आवाज असा की शेजारच्या वर्गातलं पोरगंही हातातला खडू खाली ठेवायचं. लाडीगोडी अजिबात नाही. एकदा एका पालकानं ‘आमचा पोरगा हुशार हाय का?’ म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘हाय की. पण तुमाला दाखवत न्हाई.’ तो माणूस दिवसभर त्याचा अर्थ लावत बसला.

सात-आठ वर्षांमागं बेंगळूरूच्या कुठल्याशा संस्थेनं ठरवलं की प्राथमिकच्या पोरांना शिकण्याबद्दल मनातून काय वाटतं, ते मोजायचं. वीस वाक्यांचा फॉर्म आला. ‘मला शाळेत यायला आवडतं.’ ‘चुकलं तर मला भीती वाटत नाही.’ ‘कळलं नाही तर मी विचारतो.’ प्रत्येक वाक्यापुढं तीन तोंडं काढलेली, एक हसरं, एक सरळ, एक रडकं. पोरानं एकावर फुली मारायची. हसऱ्याला तीन गुण, सरळला दोन, रडक्याला एक. बेरीज केली की झालं, पोराचं मन आपल्या हातात! फॉर्मवर सगळ्यात वर पोराचं नाव, बापाचं नाव, वर्ग आणि शाळा. गुरुजींनी वाक्य मोठ्यानं वाचायचं, पोरांनी फुली मारायची, तासाभरात गठ्ठा बांधून सीआरपीच्या हवाली करायचा.

माझ्या सगळ्या शाळांतून आनंदीआनंद आला. जिथं छप्पर गळतं तिथं हसरी तोंडं, जिथं मास्तर आठवड्यातून चारच दिवस उगवतो तिथंही हसरी तोंडं. मी एवढा संशयी माणूस, मला याचा संशय यायला नको होता का? नाही आला. चांगल्या आकड्याचा संशय घ्यायला आमच्या खात्यात कुणी शिकवलेलंच नाही. संशय आला तो बिरादारबाईंच्या गठ्ठ्याचा. बेरीज निम्म्याच्या जरा वर, बस. ‘कळलं नाही तर मी विचारतो’ यापुढं जवळजवळ सगळी रडकी तोंडं. आणि मी फॉर्म पंख्याखाली पसरून नीट बघितले तर सगळ्या फुल्या एकाच हाताच्या, एकाच पेनाच्या! पोराच्या फुलीची एक टांग लांब असते, दाब कमीजास्त असतो, मध्येच खोडलेलं असतं. या फुल्या मात्र रांगेनं, सरळ, मास्तरीणबाईंच्या. मी मनात म्हटलं, सापडली.

कामून केलं असेल, याचं उत्तरही माझ्याकडं तयार होतं. आमच्या खात्यात ही युक्ती जुनी आहे. वर्षाच्या सुरवातीला गुण पाडून दाखवायचे आणि शेवटी चढवून दाखवायचे, म्हणजे मधली वाढ आपल्या नावावर. बाईंना निवृत्तीआधी आदर्श शिक्षिकेचा हार हवा असणार, असं मी धरून चाललो. आणि खरं सांगायचं तर राग त्याचाही नव्हता. त्या एका वर्गामुळं माझा क्लस्टर, म्हणजे माझ्या शाळांचा गट, यादीत खाली गेला होता आणि मीटिंगमध्ये साहेबांनी यादी खालून वाचायला घेतली होती.

मग एक दिवस न सांगता शाळेत गेलो. शेवटचा तास चालू होता. खिडकीतून बघितलं, तर बाई खुर्ची फळ्याकडं वळवून, वर्गाकडं पाठ करून बसलेल्या. मागं पोरांची कुजबूज चाललेली, कुणी उभं राहतंय, कुणी बसतंय, आणि बाई मान वळवायला तयार नाहीत. झोपल्या असतील नाहीतर मांडीवर मोबाइल असेल, असं मी समजलो. डायरीत वेळ लिहिली आणि वर्गात न जाता हेडमास्तरांच्या खोलीत चहा प्यायला गेलो. घंटा झाल्यावर बाई तिथं आल्या. ‘कवा आलाव सर? वर्गात कामून आला न्हाई?’ मी म्हटलं, सहज. त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि म्हणाल्या, ‘फॉर्मचं काही विचारायचं हाय का?’ ... मी म्हटलं, ‘छे, छे. सगळं व्यवस्थित आहे.’

हे वाक्य मला आता खाऊन टाकतं. समोरचं माणूस सांगायला उभं होतं हो! पण संशयी माणूस विचारत नाही, तपासतो. विचारलं तर समोरचा सावध होतो, ही आमची अक्कल.

पुढच्याच आठवड्यात मी बाईंची ड्यूटी हुमनाबादच्या एका ट्रेनिंगला लावली आणि त्या गेल्यावर स्वतः त्यांच्या वर्गात फॉर्म घेऊन हजर झालो. हेडमास्तरांना आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणजे कोरे फॉर्म तयार राहतील. त्यांनी फॉर्मच नाही, शालही तयार ठेवली होती. आमच्याकडं मोटारसायकलवरून उतरलेल्या कुठल्याही माणसाचा सत्कार होतो, त्याला इलाज नाही. पोरींनी कानडीत स्वागतगीत म्हटलं, मग मराठीत म्हटलं. शाल अंगावर, नारळ मांडीवर, कपाळाला कुंकू, अशा अवतारात मी पोरांची मनं मोजायला बसलो. एकेक वाक्य वाचलं. पोरांनी माझ्या तोंडाकडं बघत बघत फुल्या मारल्या. सगळ्या हसऱ्या. एकही रडकं तोंड नाही! मला वाटलं, पुरावा मिळाला.

शेरा लिहिला तो कानडीत, कारण ऑफिसला कानडी लागतं. मतलब असा की, सदर शिक्षिकेनं विद्यार्थ्यांचे फॉर्म स्वतः भरून गुण मुद्दाम कमी दाखवले आहेत, आणि वर्गभेटीच्या वेळी त्या वर्गाकडे पाठ करून बसलेल्या आढळल्या. साहेब म्हणाले, ‘तुझं नाव नको घालू, उगं संबंध बिघडतील, तक्रार आली असं म्हणू.’ मला ते बरंच वाटलं. नोटीस निघाली ती ‘आलेल्या तक्रारीवरून’. बाईंनी खुलासा दिला दोन वाक्यांचा. ‘फॉर्म मी भरले हे खरं आहे. उत्तरं मुलांची आहेत.’ ऑफिसात तो कागद वाचून सगळे हसले, मीही हसलो. महिन्याभरात त्यांची बदली तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. दोन बस बदलायच्या आणि वर कच्च्या रस्त्यानं चालायचं. त्या गुडघ्यांवर त्यांनी तीन वर्षं ते केलं आणि तिथूनच निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला शाळेतली पोरं आणि आम्ही दोघं नवरा-बायको, एवढेच. त्यांच्या जुन्या वर्गाचे गुण मात्र पुढच्या फेरीत झकास आले. मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

बाईंना कळलं असेल का? हा एकच प्रश्न मी नंतरची सगळी वर्षं बाळगला. कारण बाई वागायला तशाच राहिल्या. आमच्या भागात वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा करायची आणि आल्यागेल्याला जेवू घालायचं. बाईंच्या रानातलं बोलावणं आम्हाला एकदाही चुकलं नाही. स्वतः फोन करायच्या, ‘ताईला घेऊन या, दाजी. डबा आणू नका, पोट आणा.’ मी फोन ठेवला की हिला विचारायचो, बाई आपल्याला कामून बोलवायल्यात? ही म्हणायची, ‘जेवायला.’ माझ्या डोक्यात दुसरंच. एक तर बाईंना काहीच माहीत नाही, नाहीतर सगळं माहीत आहे आणि चारचौघांत काढणार आहेत. पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढताना बाईंचा हात थांबला की माझा घास थांबायचा. ‘घ्या की अजून, लाजायलाव कामून?’ म्हटलं तरी मी त्यात टोमणा शोधायचो. जाताना डोक्यात संशय, येताना पोटात बाजरीचे चार उंडे आणि तांब्याभर आंबील. दरवर्षी हेच.

... तेराव्याला गेलो. मांडवात भाषणं झाली. नोटीस निघाली तेव्हा बाईंशी बोलायचं टाळणारे दोघे जण ‘आमच्या मार्गदर्शक’ म्हणून गळा काढून बोलले. मी मनातल्या मनात एकेकाची हजेरी घेत बसलो होतो. किती खरं, किती खोटं, आणि त्यातला सगळ्यात खोटा माणूस माझ्याच खुर्चीवर बसलाय हे माहीत असून. तेवढ्यात एक पोरगी समोर आली. कलबुर्गीला नर्सिंग शिकणारी, बाईंच्या चौथीच्या वर्गातली, नाव भाग्यश्री. माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, ‘तुमी ते शालवाले सर ना?’ मी म्हटलं, कुठली शाल? ‘आमच्या वर्गात फॉर्म घेतला व्हता बघा. बाई ट्रेनिंगला गेल्त्या त्या दिवशी.’

मी तिला बाजूला खुर्चीवर बसवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्या गोष्टीबद्दल कुणाला तरी काहीतरी विचारलं. म्हटलं, बाळ, तुमचे पहिले फॉर्म बाईंनीच भरले होते ना? ‘व्हय,’ पोरगी बिनधास्त म्हणाली. ‘फॉर्मावर नाव व्हतं सर. बापाचंबी व्हतं. नावाच्या कागदावर कोण रडकं तोंड करील? म्हणून बाईनी तीन डबे केले.’ बिस्किटाचे रिकामे पत्र्याचे डबे, त्यांवर चुन्यानं तीन तोंडं काढलेली. शाळेच्या जेवणाच्या तांदळाची पोती ठेवायच्या खोलीत ते मांडून ठेवायचे. बाई रोज एकच वाक्य सांगायच्या, जास्त नाही. मग एकेकानं मुठीत एक चिंचोका घेऊन त्या खोलीत जायचं, दार लोटायचं, खरं वाटेल त्या डब्यात चिंचोका टाकायचा आणि यायचं. कुणी बघायचं नाही, बाईंनीही नाही. वीस वाक्यांना वीस दिवस. ‘मंग बाईनी चिंचोके मोजून फॉर्मावर फुल्या मारल्या. म्हणल्या, नाव कुणाचं कुठंबी पडू द्या, बेरीज तुमची हाय.’

‘आणि ते पाठ करून बसायच्या ते?’ मी विचारलं. पोरगी हसली. ‘ते तर नंतरचं. विचारायचं वाक्य आलं त्या दिवशी रडक्या डब्यात बदाबदा चिंचोके पडले. दुसऱ्या दिवसापासनं बाई शेवटच्या तासाला आमच्याकडं पाठ करायच्या. म्हणायच्या, मी बघत न्हाई कोण विचारायलंय. कळलं न्हाई ते विचारा. आधी चार दिवस कुणी तोंड उघडलं न्हाई. मंग मीच विचारलं. हातचा कामून घ्यायचा, ते मला दुसरीपासनं कळलं नव्हतं सर. बाई वळल्या न्हाईत. तशाच फळ्यावर लिहून दाखवलं.’

मी म्हटलं, मग मी आलो त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी हसरंच तोंड कसं काय केलं? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ‘पाहुणे व्हता ना तुमी! हेडमास्तरांनी शाल घातली, आमी गाणं म्हटलं. पाहुण्यापुढं घरातलं रडगाणं काढावं का सर? आई म्हणती, पाहुण्यानं जेवलाव का विचारलं तर उपाशी असलं तरी व्हय म्हणावं.’ ... आमच्याकडं लहानपणापासून प्रत्येकाला हेच शिकवतात. मलाही शिकवलं होतं. आणि तरी मी नारळ मांडीवर घेऊन बसलो आणि पोरांच्या पाहुणचाराला त्यांचं मन समजून, सहीशिक्क्यानिशी वर पाठवून दिलं. हसऱ्या फुल्यांच्या ज्या शाळा मी पास केल्या, तिथं पोरांनी माझा आणि गुरुजींचा किती मान ठेवला होता, तेवढंच मोजलं गेलं. आख्ख्या तालुक्यात खरं मोजलं ते एका बाईनं, आणि मी तिला दोन बस बदलायला लावल्या. लाज वाटली, हे म्हणायला आता कसली लाज.

मांडवात बसवेना. उठून आत गेलो. मधल्या खोलीत सविता एकटीच, आईची लुगडी घडी घालून ट्रंकेत ठेवत होती. मी दारातच उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा न तपासता बोलून टाकलं. ‘सविता, आईच्या बदलीच्या वेळची तक्रार... ती मी केली होती. शेरा माझा होता.’ तिनं हातातलं लुगडं खाली ठेवलं नाही. ‘माहीत हाय काका. आईनं अर्ज करून नक्कल मागवली व्हती. कानडी अक्षरावर मराठीवानी रेघ ओढणारा माणूस तालुक्यात दुसरा कोण हाय?’ तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, ‘मग मला दरवर्षी रानात कामून बोलवायची?’

‘मीबी तेच म्हणायची. भांडलेबी तिच्यासंगं. तर म्हणायची, येऊ दे. कवातरी विचारतील, मंग सांगीन. आपण हून सांगितलं तर त्यांना ते खोटंच वाटंल.’ सवितानं ट्रंकेचं झाकण लावलं. ‘तुमी दोघं मोटारसायकलवर बसून गेलाव की, आई भांडी गोळा करता करता दरवर्षी म्हणायची, यंदाबी न्हाई विचारलं.’

रानात दरवर्षी जेवणं झाल्यावर बाया भांड्यांकडं वळायच्या, आमची ही हरभऱ्याचा डहाळा मोडायला जायची, आणि बाई माझ्याजवळ शेताच्या धुऱ्यावर येऊन बसायच्या. गुडघ्यांवर हात ठेवून, काही न बोलता, चांगली पाच-दहा मिनिटं. मला वाटायचं, बाई माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायला बसल्यात. मग मी चप्पल कुठं गेली म्हणत उठायचो.